पहिलारू (पहिल्या वेताच्या) शेळ्या करडं जवळ घेत नाहीत – गाभणपणातला चारा कमी पडतोय का?

खटावचा_गोठा

तालुका खटाव, उस्मानाबादी जातीच्या २२ शेळ्या, अर्धबंदिस्त. ऑक्टोबरच्या मध्यापासून बोकड कळपात होता, त्यामुळे मार्चच्या मध्यापासून विणं चालू आहे. आतापर्यंत १४ व्याल्या. जुन्या वेतांच्या ठीक आहेत. सहा पहिलारूंपैकी चौघी मात्र करडाला हुंगतात, दोन-चार वेळा चाटतात आणि सरळ गव्हाणीकडे निघून जातात. करडू कासेकडे आलं की ढुशी मारतात. दोघींना जुळी झाली, त्यांनी एक घेतलं आणि एक टाकलं. चीक (विल्यावरचं पहिलं दूध) थोडा आणि डिंकासारखा चिकट. करडांची वजनं १.४ ते १.७ किलो.

चारा असा: डिसेंबरपासून उसाचे वाढे (शेंडे) आणि कडबा कुट्टी, दुपारी चार तास चराई. खुराक म्हणजे फक्त मक्याचा भरडा, डोकी १०० ग्रॅमच्या हिशोबाने, सगळ्यांना एकाच गव्हाणीत. मिठाची वीट टांगलेली आहे, क्षारमिश्रण नाही.

विचारायचं हे की,
१) या चौघी आई म्हणून नालायक समजून विकाव्यात का?
२) ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं की शेळी पिल्लू घेते म्हणतात, खरं का?
३) अजून आठ विणायच्या आहेत, कुणी दहा दिवसांत, कुणी चाळीस. खुराक वाढवावा म्हणतोय, पण घरच्यांचं म्हणणं, गाभणीला जास्त घातलं तर करडू मोठं होऊन विताना अडतं.

माणदेशी_शेरडं

विकायची घाई करू नका. पहिल्या वेताला उपाशी ठेवलेली शेळी कशी आई आहे हे त्या वेतावरून कळतच नाही. पुढच्या वेताला पोटभर खाऊनही तीच तऱ्हा केली तर बाजार दाखवा.

तुमच्या चाऱ्याचा आणि विण्याचा महिना जुळवून बघा. ऑक्टोबरात गाभण राहिलेली शेळी मार्चात विते, म्हणजे तिचे शेवटचे ५० दिवस बरोबर फेब्रुवारी-मार्चात येतात. त्याच ५० दिवसांत करडाची दोन-तृतीयांशाहून जास्त वाढ होते आणि कासही त्याच काळात भरते. माण-खटावात तेव्हा रानात बाभळीच्या शेंगा सोडल्या तर काय असतं? आणि कारखाने चालू असल्यामुळे वाढे स्वस्त, म्हणून सगळा गोठा वाढ्यावर.

वाढ्यानं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. कोरड्या वजनावर प्रथिनं जेमतेम ५-६ टक्के, शेवटच्या दीड महिन्यातल्या शेळीला ११-१२ टक्के तरी पाहिजेत. शिवाय वाढ्यातलं ऑक्झॅलेट चाऱ्यातला कॅल्शियम बांधून ठेवतं. पोटात करडांची हाडं तयार होत असताना हे दुहेरी नुकसान. वाढे द्यायचेच असतील तर निम्म्याच्या वर नकोत, कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडून द्या आणि क्षारमिश्रण रोज. मिठाची वीट म्हणजे क्षारमिश्रण नव्हे. तिच्यात मुख्यतः मीठच असतं.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुमच्याकडे खरी गोम हीच आहे. एकाच गव्हाणीत २२ शेळ्यांना खुराक टाकला की डोकी १०० ग्रॅम हा हिशोब कागदावरच राहतो. जुन्या शिंगाळ्या शेळ्या अडीचशे खातात आणि पहिलारू मागं उभ्या राहून चाटण खातात. म्हणून जुन्या ठीक आणि पहिलारू बिघडल्या. त्यातून पहिलारूचं स्वतःचं अंग अजून वाढत असतं, तिला जुनीपेक्षा जास्त लागतं आणि मिळतं कमी. पहिलारूंचा कप्पा वेगळा करा आणि गव्हाणीवर प्रत्येकीला सव्वा फूट जागा द्या. एवढं एकच केलं तरी निम्मा फरक पडेल.

३५ किलोच्या शेळीला शेवटचे ४५ दिवस रोज एवढं द्या: हरभऱ्याचं किंवा तुरीचं भुसकट नाहीतर कडबा कुट्टी ६०० ते ७०० ग्रॅम, मेथीघास किंवा शेवरी दीड किलो, खुराक ३०० ग्रॅम. सुबाभूळ असेल तर हिरव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

घरी १०० किलो खुराक करायचा तर भरडलेला मका ४५, शेंगपेंड २०, तूरचुणी १५, गव्हाचा भुसा (कोंडा) १७, क्षारमिश्रण २, मीठ १. प्रथिनं १६-१७ टक्क्यांपर्यंत बसतात. शेंगपेंड वास घेऊन, फोडून बघूनच घ्या. आत बुरशीची झाक असलेली पेंड गाभणीला घालण्यापेक्षा न घातलेली बरी.

पशुवैद्य_मिरज

वरचा खुराक ठीक आहे. चाऱ्याचा आणि मायेचा संबंध नेमका कुठे लागतो ते सांगतो, म्हणजे इंजेक्शनच्या प्रश्नाचंही उत्तर मिळेल.

विण्याच्या वेळी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (गाभण टिकवणारं संप्रेरक) झपाट्याने उतरतं आणि इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक चढतं. त्या बदलाने मेंदू तयार होतो. मग करडू वाटेतून बाहेर येताना गर्भाशयाचं तोंड आणि योनी ताणली जाते, त्या ताणाची खबर मेंदूपर्यंत जाते आणि मेंदूच्या आतच ऑक्सिटोसिन सुटतं. तिथून चाटणं, हुंकारणं, कासेला लावून घेणं सुरू होतं. मेंढ्यांवर १९८० च्या दशकापासून याचा बारकाईने अभ्यास झालेला आहे. कमरेत भूल देऊन ही खबर अडवली तर पहिल्या वेताची मेंढी कोकरू घेण्यात कमी पडते, असंही त्यात दिसलं.

शेवटच्या काळात अर्धपोटी ठेवलेल्या मेंढ्यांचं प्रोजेस्टेरॉन विताना पुरेसं उतरत नाही, इस्ट्रोजेनच्या मानाने ते चढंच राहतं. अशा मेंढ्या कोकरू कमी चाटतात, त्याच्यावर जास्त चिडतात आणि विण्याची जागा लवकर सोडून खायला जातात. तुम्ही तुमच्या चौघींचं जे वर्णन केलंय ते यापेक्षा वेगळं नाही. जुन्या शेळीला आधीच्या वेताचा अनुभव असतो, त्यावर ती ही कमतरता निभावून नेते. पहिलारूकडे तो आधार नसतो.

इंजेक्शनचं ऑक्सिटोसिन रक्तातून मेंदूत जवळजवळ पोचत नाही. ते कास आणि गर्भाशयावर काम करतं: चीक उतरतो, गर्भाशय आकुंचन पावतं. माया येत नाही. आणि करडू आडवं असताना, वाट उघडलेली नसताना कुणी ते टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं. हे औषध गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवायचं नाही.

चिकाबद्दल. अर्धपोटी शेळीचा चीक कमी तर असतोच, घट्टही असतो. चिकाचं पाणी दुग्धशर्करेमुळे सुटतं आणि दुग्धशर्करा बनायला ग्लुकोज लागतं. ग्लुकोजचा पुरवठा पिष्टमय खाद्यावर, म्हणजे मका, ज्वारी, बाजरीवर अवलंबून. ऑस्ट्रेलियात आणि उरुग्वेत मेंढ्यांना विण्याआधीच्या साधारण आठवडाभरात मका दिल्यावर चिकाचं प्रमाण दुपटीच्या आसपास गेलं आणि तो पातळही झाला. म्हणजे दहा दिवसांवर आलेल्या शेळ्यांसाठीही वेळ गेलेली नाही.

हे पिल्लाच्या बाजूनेही बघा. दीड किलोचं करडू थंडावतं, उठायला उशीर करतं, ओरडत नाही, कास शोधत नाही. आईला करडाची हालचाल आणि आवाज लागतो, निपचित पडलेल्या करडातून तिचं लक्ष उडतं. शिवाय पहिल्या सहा तासांत पोट भरून चीक प्यालेलं पिल्लूच आईला नीट ओळखू लागतं आणि तिच्या मागे राहतं. कुपोषण असं दोन्हीकडून मारतं.

कडेगाव_शेळीमित्र

डॉक्टर, एक विरोधी मत नोंदवतो. करडू अडण्याची घरच्यांची भीती अगदीच खोटी नाही. बंदिस्त गोठ्यात बोअर (मोठ्या अंगाची परदेशी जात) बोकड लावलेल्या उस्मानाबादी पहिलारूंना शेवटी भरपूर पेंड घातली की करडं जड होतात आणि ओढावी लागतात. लठ्ठ शेळी तर विण्याच्या तोंडावर खाणंच सोडते. सरसकट "खुराक वाढवा" सांगू नये.

पशुवैद्य_मिरज

मान्य, म्हणूनच आधी हात लावून बघायचं आणि मग मापायचं. शेवटच्या बरगडीच्या मागे कंबरेवर हात ठेवा. अंगठा मधल्या कण्यावर, बोटं बाजूच्या आडव्या हाडांच्या टोकाखाली. टोकं धारदार लागली आणि बोटं सहज खाली सरकली तर अंगाच्या भरणीचा अंक २. दाबल्यावर हाड लागतं पण गोल वाटतं तर ३. दाबूनही टोक सापडत नाही तर ४. शेळीची चरबी पोटात साठते, कंबर फसवू शकते, म्हणून छातीच्या हाडावरची गादीही चिमटीत धरून बघा. गाभणपणाच्या शंभराव्या दिवशी ३ च्या आसपास हवी आणि तिथून विण्यापर्यंत घसरायला नको.

२ वाली असेल तर ३०० वरून ४०० ग्रॅमवर न्या. ३ वालीला ३०० पुरे. ३.५ च्या पुढे असेल तर मका कमी करून चांगलं हिरवं आणि २०० ग्रॅम खुराक, पण शेवटच्या महिन्यात तिचं खाणं एकदम तोडायचं नाही. लठ्ठ आणि पोटात जुळी असलेल्या शेळीला अचानक उपास घडला की अंगातली चरबी यकृतात उतरते आणि गाभणपणातली विषबाधा होते. कळपातून बाजूला उभी राहते, दात खाते, तोंडाला गोडसर वास येतो, नंतर उठत नाही. शंका आली तर मेडिकलमध्ये मिळणारी लघवीची किटोन पट्टी वापरा. बसलेली शेळी उठवली की बहुतेक लगेच मुतते, तेव्हा पट्टी पुढे करायची. पट्टीचा रंग बदलला तर ६० मिलि प्रोपिलीन ग्लायकॉल दिवसातून दोनदा तोंडाने, हळूहळू, आणि त्याच दिवशी डॉक्टर.

करडू अडण्याचं मोठं कारण चारा नसून कमी वयात गाभण करणं आणि बोकडाची निवड आहे. २० किलोची पाट (न व्यालेली तरुण शेळी) बोअर बोकडाला दिली तर ती उपाशी ठेवूनही अडेल. उलट शेवटी चारा तोडला तर वजन थोडंफार घटतं, पण कळा देण्याची ताकद, चीक आणि माया तिन्ही जातात. अडण्यातून वाचलेलं करडू मग उपासाने मरतं.

खटावचा_गोठा

आज हात लावून बघितलं. उरलेल्या आठपैकी पाच २ च्या आसपास आहेत, दोन ३, एक बरीच लठ्ठ. त्या पाचांतल्या दोघी दहा-बारा दिवसांत विणार. त्यांना लगेच ४०० ग्रॅम चालू करू का? आणि आधीच व्यालेल्या चौघींचं काय करू? करडं सध्या धरून पाजतोय.

माणदेशी_शेरडं

एकदम नाही! १०० वरून ४०० वर एका दिवसात नेलंत तर पोटात आंबून शेळी जुलाबाने जाईल. दर दोन दिवसांनी ५० ग्रॅम वाढवा, म्हणजे बारा दिवसांत ४०० होतात. दोन वेळांऐवजी तीन वेळा विभागून द्या. जुळी असताना कोठीपोट (चारा साठवणारं मोठं पोट) दाबलं जातं, एका वेळी तिला जास्त मावत नाही. आधी भुसकट-कुट्टी, त्यावर खुराक. रिकाम्या पोटी मका नको, आणि मका भरडलेलाच, पिठासारखा बारीक नको.

दहा दिवसांवर आलेल्या दोघींना मिश्र खुराक २०० वर थांबवा आणि बाकीची वाढ नुसत्या मक्याच्या भरड्याने करा, १५० ग्रॅमपर्यंत. प्रथिनांनी अंग भरायला आता वेळ नाही, निदान चीक तरी सुटेल.

जतचा_मेंढका

चाऱ्याचं बोलणं चांगलं झालं, पण चांगली खाल्लेली मेंढीसुद्धा पहिल्या तासात माणूस बिघडवतो. त्याबद्दल लिहितो.

शेळीचं नातं फार लवकर जुळतं. विल्याबरोबर पाच मिनिटं करडू आईपाशी राहिलं तरी ती वास धरते आणि नंतर तासभर दूर नेलं तरी घेते. तीच पाच मिनिटं मिळाली नाहीत तर तासाभराने आपलंच करडू परकं. आणि आपल्याकडे करतात काय, तर करडू पडलं की उचलून पोत्याने कोरडं करतात आणि कुत्र्याच्या, कोल्ह्याच्या भीतीने डालग्याखाली झाकतात. डालगं वाईट नाही, वेळ चुकीची आहे. आधी चाटू द्या, पिऊ द्या, दोन-तीन तास एकत्र राहू द्या, मग झाका.

करडू धुवायचं नाही. अंगावरचं पाणी हेच आईला ओढून घेतं. नाक-तोंडातला चिकटा बोटाने काढा आणि बाजूला व्हा. टिंक्चर आयोडीन नाळेवरच, अंगावर फिनेलचे हात फिरवायचे नाहीत.

विण्याच्या जागेवरच पाणी आणि चारा ठेवा. भुकेली मेंढी चाऱ्यासाठी जागा सोडते, कोकरू मागे राहतं. रानात हिंडणाऱ्या कळपात हे जास्त होतं, म्हणून व्यालेली मेंढी त्या दिवशी कळपासोबत हाकू नये, वाघरीतच (जाळीच्या कुंपणात) ठेवावी. वार (जार) पडेपर्यंत पाणी पाजायचं नाही असं काही जण मानतात, त्याला काही आधार नाही. कोमट पाणी आणि त्यात १०० ग्रॅम गूळ लगेच द्या.

माडग्याळ जातीच्या मेंढीला बहुतेक एकच कोकरू, म्हणून कोरड्या चाऱ्यावरही बरंचसं निभतं. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून जी नारी सुवर्णा केली, ती घेणाऱ्यांनी मात्र दोन पोटांचा चारा धरूनच घ्यावी. जुळ्यांची मेंढी एकट्याच्या चाऱ्यावर ठेवली की दुसरं कोकरू टाकणार, हे ठरलेलंच.

पशुवैद्य_मिरज

आता त्या चौघींबद्दल.

प्रथम कास तपासा. एखादा सड गरम, कडक, दुखरा असेल तर ती करडू मारते ते दुखण्याने, कासदाहाचा उपचार आधी. प्रत्येक सडाच्या टोकाला मेणासारखं बुच असतं, दोन-तीन धारा काढून ते मोकळं झालंय ना बघा. करडाचे दात टोचत असतील तर तेही बघा.

प्रत्येकीला ४ बाय ५ फुटांचा वेगळा कप्पा, त्यात ती आणि तिचीच करडं. मान अडकवायची लाकडी चौकट असेल तर उत्तम. तिला खाता आणि बसता यावं, पण मागे वळून ढुशी मारता येऊ नये. दिवसातून पाच-सहा वेळा, खुराक समोर ठेवून, करडं कासेला लावा. ती करडाला शेपटीखाली हुंगून ओळखते. तिचंच दूध पोटातून गेलं की तो वास तिला ओळखीचा होतो. तीन ते पाच दिवस लागतात. पाठीवर चिमूटभर मीठ किंवा गुळाचं पाणी लावलं तर चाटायला लागते, करून बघायला हरकत नाही. बाटलीने परकं दूध पाजत राहिलात तर हे कधीच जुळणार नाही, त्यामुळे चीक-दूध तिचंच काढून द्या.

पुढच्या विण्यांसाठी चिकाचं माप लिहून ठेवा. किलो वजनाला ५० मिलि पहिल्या एक-दोन तासांत आणि २४ तासांत एकूण २०० मिलि. म्हणजे दीड किलोच्या करडाला सुरुवातीला ७५ मिलि आणि दिवसभरात ३००. त्यानंतर आतडं चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं शोषत नाही. करडू अंगाने गार लागत असेल, तोंडात बोट घातल्यावर थंड वाटत असेल तर आधी ऊब द्या, मग चीक. गार पडलेल्या करडाला नळीने किंवा बाटलीने ढकलू नका, ठसका लागून फुप्फुसात जातो. एखाद्या भरल्या कासेच्या जुन्या शेळीचा जादा चीक छोट्या बाटल्यांत गोठवून ठेवा. वितळवताना कोमट पाण्यात बाटली धरायची, चुलीवर चढवायचा नाही. फाटून खरवस होईल आणि करडाला त्याचा उपयोग शून्य.

उरलेल्या आठपैकी ज्यांना विण्याला महिनाभर वेळ आहे त्यांना आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस या आठवड्यात द्या. विण्याआधी चार ते सहा आठवडे दिली तरच चिकातून पिल्लाला पोचते. कुणाच्या अंगाला अजून मागच्या वेताचं मोठं करडू पीत असेल तर आजच तोडा, कासेला ४५ ते ६० दिवस विश्रांती लागते.

कडेगाव_शेळीमित्र

बाजरी, गूळ, मेथी, बाळंतशेपा घालून बाळंतिणीसारखं शेळीला देतात, त्याने पिल्लू घेते का? आणि हे सगळं माणसांनाही लागू धरायचं का?

पशुवैद्य_मिरज

दुधाला आणि ताकदीला बरं आहे, २०० ग्रॅम शिजवलेली बाजरी आणि ५० ग्रॅम गूळ आठवडाभर द्या. पण विल्यानंतर घातलेल्या खाण्याने हुकलेली ओळख परत येत नाही, त्याला कप्पाच लागतो. माणसांचं इथे नको, बाईची माया पहिल्या तासाच्या वासावर ठरत नाही.

माणदेशी_शेरडं

खटाववाले, पुढच्या वर्षीचं आत्ताच ठरवा. एक तर बोकड जून-जुलैत लावा, म्हणजे विणं नोव्हेंबर-डिसेंबरात येतं आणि शेवटचे दोन महिने पावसानंतरच्या हिरव्यावर जातात. फक्त थंडीत करडांना ऊब करावी लागेल. नाहीतर ऑक्टोबरचंच ठेवायचं असेल तर बांधावर शेवरी पावसाच्या तोंडावर धरा, दहा गुंठे मेथीघास ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा, आणि सुगीत हरभऱ्याचं, तुरीचं भुसकट भरून ठेवा. डोकी ७०० ग्रॅमप्रमाणे २२ शेळ्यांना ४५ दिवसांचं साधारण ७०० किलो होतं.

खटावचा_गोठा

कप्पे आज बांबूचे केले. दोघी मान अडकवल्यावर पाजू देतात, एकीचा डावा सड कडक आहे, डॉक्टरांना बोलावलंय. वाढे निम्म्यावर आणले, चुना भिजत घातलाय. १०० लिटर पाण्याला चुना किती घ्यायचा?

माणदेशी_शेरडं

एक किलो. रात्रभर ठेवून वरची निवळी तेवढी घ्या, खालचा गाळ शिंपडू नका.